पेंडिंग

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पाल चुकचुकतेय असं वाटून मी ट्यूबलाइटच्या मागे बघितलं, कॅलेंडरच्या मागे बघितलं. पाल नव्हती. आवाज टेबलावरच्या काळ्या, तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमधून येत होता. शकुन-अपशकुनाच्या हिशोबात पाल परवडली असती.

ही डिस्क मी २०११ सालच्या दिवाळीनंतर घेतली. त्या वर्षी थायलंडला मोठा पूर आला, तिथले डिस्क बनवणारे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. नाशिकला गारपीट झाली की कांदेवाला ज्या सुरात बोलतो, त्या सुरात डोंबिवलीतला दुकानदार म्हणाला होता, "काय करणार साहेब, थायलंडला पाणी भरलंय." मी घासाघीस केली नाही. पुराशी काय घासाघीस करायची? शिवाय महाग पडलेली वस्तू टिकणारच, अशी आपली एक समजूत असते. त्या समजुतीवर मी चौदा वर्षं काढली. एवढ्यात रामाचा वनवास संपला. माझ्या डिस्कला मात्र एक जोडीदारीण आणून द्यावी, तिच्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवावं, हे मला सुचलं नाही.

संगणकाचा धीर माझ्या आधी सुटला. पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. नाडी बघायच्या आधीच 'तेराव्याला किती पानं धरू?' असं विचारणारा वैद्य मी दुसरा पाहिला नाही. बरं, विचारणं इतकं अदबीचं की हात आपसूक 'हो'कडे जावा.

बंगळुरूला मुलीला फोन लावला.

"आवाज कसला येतोय?"

"टकटक."

"बाबा, तू आधी वायर काढ. आत्ता. मग बोल."

काढली. मग तिने पाऊण तास माझी शाळा घेतली. आत चकचकीत थाळ्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारं हेड फिरतं, ते थाळीला टेकत नाही, वरून तरंगत जातं, आणि मधलं अंतर असतं मोजक्या काही नॅनोमीटरचं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात जाड. म्हणजे बोटाचा ठसा उमटला तर त्या हेडच्या दृष्टीने तो कळसूबाई. "तेव्हा उघडून फुंकर बिंकर मारू नकोस," ती म्हणाली. "मी कशाला उघडतोय?" असं म्हणत मी हातातला स्क्रू ड्रायव्हर आवाज न करता खाली ठेवला.

तिला काय सांगणार, आमची पिढीच थापेवर वाढली. घरातला रेडिओ उजव्या कुशीवर थाप मारल्याशिवाय बातम्या देत नसे. टीव्हीला दोन लागायच्या. आणि प्रत्येक घरात ती नेमकी थाप मारता येणारा एक माणूस असायचा. आमच्याकडे तो मी होतो. आयुष्यात कमावलेलं एकमेव यांत्रिक कौशल्य असं नॅनोमीटरपायी वाया गेलं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आजारी माणसाला येतात तशी, आणि तशीच औषधं घेऊन. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हा उपाय जुना आहे. पूर्वीच्या काही अडकून बसलेल्या डिस्क गारठून आक्रसल्या की जरा वेळ सुटायच्या म्हणे. पण बाहेर काढल्यावर बर्फाच्या पेल्याला बाहेरून सुटतो तसा घाम थाळ्यांनाही सुटतो, तो कुणाच्या हिशोबात नसतो. बायकोचा आक्षेप वेगळाच होता. "तिथे नारळ खवून ठेवलाय," ती म्हणाली, "त्याच्या शेजारी तुझं ते यंत्र नको." विज्ञान आणि सोवळं एवढं एकमताने वागताना मी क्वचितच पाहिलंय.

तुकोबांच्या गाथा इंद्रायणीतून वर आल्या, तर तुझी डिस्क काय, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. तिघांनाही ते स्वतःलाच सुचलंय असं वाटत होतं, आणि तिघांनीही त्यानंतर चहा घेतला. चौथ्याने बॅकअप का नाही घेतलास, म्हणून झापलं. त्याच्याकडून कळलं की जगात एक बॅकअप दिन असतो आणि तो ३१ मार्चला असतो. ज्याने हा दिवस निवडला त्याने भारतात एकही मार्च एंड काढलेला नाही. त्या दिवशी इथे माणसाला स्वतःची आठवण नसते, डिस्कची कुठून येणार?

शेवटी लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलं. पाट्यांवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण पाटी वाचून तिथे गेलेला माणूस अजून मला भेटायचाय. डिस्क मऊ पंचात गुंडाळली, पंचा स्टीलच्या डब्यात, डबा छातीशी. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोड. डब्यातल्या गर्दीत एकाने हात पुढे करून "द्या काका, वर ठेवतो" म्हटलं, तर मी दचकून "नको नको, नाजूक आहे" म्हणालो. त्याला वाटलं अंडी असावीत. १९५६ साली जगातली पहिली हार्ड डिस्क निघाली तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटी पन्नास थाळ्या होत्या आणि आख्ख्या यंत्राचं वजन टनाच्या वर. मावायचं त्यात किती, तर हल्लीचा मोबाइलवरचा एखादा चांगला फोटो. पण एक होतं, ती लोकलने न्यायचा प्रश्न नव्हता.

अरुंद जिन्यावरून वर दुसऱ्या मजल्यावर ते दुकान. काउंटरवरचा पोरगेला माणूस. त्याने डिस्क हातात घेतली, वायर लावली, कानाशी नेली आणि डोळे मिटले. आमचे जुने फॅमिली डॉक्टर स्टेथोस्कोप लावून असेच डोळे मिटायचे आणि आईचा जीव खालीवर व्हायचा.

"हेड चालू आहे," तो म्हणाला. "प्लॅटरवर काही जागा खराब झाल्यात. तिथे आलं की अडतं, पुन्हा पुन्हा वाचायला बघतं. हा त्याचा आवाज."

"आणि हेड गेलं असतं तर?"

"मग डोनर शोधायचा."

डोनर म्हणजे अगदी याच मॉडेलची, शक्यतो याच सुमाराची दुसरी डिस्क. तिचं हेड काढून इकडे बसवायचं, तेही धुळीचा कण नसलेल्या जागेत. जुळेलच असंही नाही. एवढं सांगून त्याने आकडा सांगितला. त्या आकड्यात थायलंडचा आणखी एक पूर बसला असता. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मला इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता.

"डेटा काय आहे आत? फोटो? अकाउंट्स?"

"मामा आहेत," मी म्हणालो.

२०१२ च्या मे महिन्यात मी पुण्याला मामांकडे गेलो होतो. नवा व्हॉइस रेकॉर्डर घेतला होता, हौस नवी होती. मामांना पानशेत सांगायला बसवलं. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं, लकडी पूल दिसेनासा झाला. मामा तेव्हा वीस वर्षांचे, नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत. एक्केचाळीस मिनिटं बोलले. मी एकदा ऐकलं आणि ठेवून दिलं. मामा काय, पुन्हा केव्हाही सांगतील. आता मामा ८४ वर्षांचे आहेत. अलीकडे ते मला कधी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात, कधी नुसतंच "या, बसा" म्हणतात.

पोरगेल्या माणसाने डिस्क पुन्हा पंचात गुंडाळून दिली. "आधी घरी कॉपी काढून बघा. नाही निघाली तर या. फक्त रिपेअर करतो म्हणणारं कुठलं सॉफ्टवेअर चालवू नका. तपासायचे पैसे नाहीत." मग डब्याकडे बघून म्हणाला, "हे पॅकिंग मस्त आहे."

घरी आल्यावर मुलीने व्हिडिओ कॉलवरून सूत्रं हाती घेतली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदवही स्वतः ठेवते, हे मला तेव्हा कळलं. त्या वहीत दोन रकाने फार ओळखीचे निघाले. एक बदली झालेल्या सेक्टरांचा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान गाळा. तो निकामी झाला की राखीव गाळ्यातून दुसरा त्याच्या जागी बसवतात. आणि दुसरा रकाना 'करंट पेंडिंग'. जो गाळा वाचता येत नाही त्याला डिस्क लगेच मेला म्हणत नाही. त्याचं प्रकरण पेंडिंग ठेवते. पुन्हा कधी नीट वाचता आला तर ठीक. त्याच्यावर नवं काही लिहायची वेळ आली तर तेव्हा बघू, चालतोय की बदलायचा. तोवर निर्णय नाही. माझ्या डिस्कवर २८८ प्रकरणं पेंडिंग होती. तहसील कचेरीच्या मानाने कामकाज चोख म्हणायचं.

मग आला डीडीरेस्क्यू. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याला ना बटणं ना चित्रं, काळ्या पडद्यावर नुसते आकडे. पण त्याची रीत मला इतकी आवडली की मी खुर्ची ओढून बसलो.

साधी कॉपी करणारा प्रोग्रॅम खराब जागेशी आला की हट्टाला पेटतो. वाच, वाच, वाच. हेड तिथेच घुटमळतं, डिस्क तापते, आणि पुढचं चांगलं वाचता येण्यासारखं सगळं राहून डिस्क संपते. डीडीरेस्क्यू अडला की खुणेचं बोट ठेवून पुढे उडी मारतो. जे सहज मिळतंय ते आधी घेतो. टोकाला पोचला की उलटा फिरतो आणि मागून पुढे येत राहिलेल्या जागा बघतो, कारण एका बाजूने न दिसलेलं दुसऱ्या बाजूने कधी कधी दिसतं. मग खराब जागांच्या कडा हलकेच कुरतडतो. आणि अगदी शेवटी, सगळं पदरात पडल्यावर, मधल्या अवघड गाळ्यांना एकेक करून हात घालतो. या सगळ्याची एक वही असते: मिळालं तिथे अधिकचं चिन्ह, अजून पाहिलंच नाही तिथे प्रश्नचिन्ह, गेलं तिथे उणे. परीक्षेला निघताना आई पायरीपर्यंत येऊन हेच सांगायची. येतात ते आधी सोडव, अडलं त्याच्यावर बसून राहू नकोस. मी बसून राहायचो. भूमितीत तर हमखास.

पहिल्या रात्रीत सत्त्याण्णव टक्के आलं. उरलेल्या तीन टक्क्यांना सहा दिवस लागले. डिस्क तापू नये म्हणून टेबलफॅन तिच्याकडे वळवला होता. उकाड्याचे दिवस होते. बायको एकदा येऊन पंख्याकडे बघून गेली, काही बोलली नाही, ते जास्त लागलं. चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण वही होती. वीज आल्यावर गडी जिथे होता तिथून पुन्हा उभा राहिला.

पडद्यावर आकड्यांच्या तळाशी एक ओळ असते: शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला. बहुतेक वेळा तिथे शून्य सेकंद. मग अडलं की चार सेकंद, अकरा सेकंद, एक मिनिट, सतरा मिनिटं. एका रात्री तो आकडा तीन तासांच्या पुढे गेला. मी त्याच्यासमोर बसून होतो आणि माझ्या डोक्यात डिस्क नव्हतीच. पुण्याला जाऊन मला सात महिने झाले होते.

शिवाय गेल्या खेपेला मी काय केलं होतं ते आठवलं. मामांच्या खुर्चीसमोर वाकून मोठ्याने, "ओळखलंत का? सांगा बरं, मी कोण?" सगळेच असं करतात. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न, आणि तोही नेमका त्या माणसाला न येणारा. मामा माझ्याकडे बघत राहिले होते. मी पुन्हा विचारलं होतं. पुन्हा. वाच, वाच, वाच.

सातव्या दिवशी सकाळी काम संपलं. जवळजवळ सगळं आलं होतं. उघडून बघतो तर काय, विजेची बिलं. मीटरचे फोटो, प्रत्येक महिन्याचे, काही तिरके. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, ज्यात पाण्याच्या टाकीवरून माझं आणि सेक्रेटरींचं वाजलं होतं. ते मात्र एक अक्षर न सांडता आलं होतं. मी प्रूफं तपासण्याचं काम करतो, तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी तपासलेली अख्खी पुस्तकं आली. फायली धडधाकट, उघडल्या तर आत निव्वळ खिचडी: कंस, टक्के, रोमन अक्षरं, मधेच एखादा डॉलर. युनिकोड सगळीकडे पोचण्यापूर्वीच्या डीटीपीच्या फॉन्टात ती टाइप केली होती. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठीचे मुखवटे चढवले होते. फॉन्ट गेला आणि मुखवटे उतरले. डिस्कची यात काही चूक नाही. तिने दिलं ते तिला दिलं होतं तसंच दिलं.

आणि मामा आले. एक्केचाळीस मिनिटं, अठरा सेकंद.

पूर्ण नाही. वहीत त्या फायलीच्या वाट्याचे सलग सहा सेक्टर उणे होते. मी कागदावर हिशोब केला. माझा रेकॉर्डर सेकंदाला सोळा हजार बाइट लिहायचा. डिस्कचा एक सेक्टर ४,०९६ बाइटचा. म्हणजे एक सेक्टर गेला की पाव सेकंद गेला. पाव सेकंदात मामा फार तर "हं" म्हणतात. सहा गेले म्हणजे दीड सेकंद. एक्केचाळीस मिनिटांत दीड सेकंद. मी तर खूशच होतो. रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो.

दार मामींनी उघडलं. "आज बरे आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण नाही ओळखलं तर मनाला लावून घेऊ नकोस हं."

मी काही विचारलंच नाही. "या, बसा," मामा म्हणाले. बसलो. चहा झाला. मग फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि लावलं.

मामा ऐकू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोण बोलतोय रे हा?"

"तुम्हीच, मामा."

"छे. हा तरुण आहे." पुन्हा थोडं ऐकून म्हणाले, "सांगतो मात्र बरं."

पाणी चढलं, ओसरलं, गाळ राहिला. माझी आई आणि मामा गाळातून कागदांची ट्रंक ओढून काढतात. जुलै महिना, ऊन कुठलं. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून चुलीच्या धगीवर एकेक कागद वाळत घातलेला. "पानं चिकटलेली," तरुण मामा सांगत होते, "मी आपला ओढायला लागलो. ताई खेकसली, ओढू नकोस मेल्या, फाटतील. सुटतायत ती आधी घे. बाकीची पडू देत." मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी स्पीकरकडे बघत होतो.

"शेवटी सगळे कागद मिळाले रे," आवाज म्हणाला. "दाखले, भाड्याच्या पावत्या, वडिलांच्या हिशोबाच्या वह्या. गेलं ते एकच. आईचं..."

शांतता. दीड सेकंद.

"...पण ती कधी बोलली नाही त्याबद्दल."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. गेलं ते एकच, आईचं. शांतता. पुन्हा मागे नेलं. कान स्पीकरला लावला, जसं काही त्या शांततेच्या तळाशी शब्द पडला असेल. पानशेतच्या पुराने काय नेलं ते थायलंडच्या पुरात महागलेल्या डिस्कने नेलं होतं. मी मामांकडे वळलो. तोंडाशी आलंच होतं: मामा, आजीचं काय गेलं हो?

"तेच तेच काय वाजवतोयस?" मामाच म्हणाले. "पुढे ने. पुढे बंबाची मजा आहे."

पुढे नेलं. पूर ओसरल्यावर घरात आले तर यांचा बंब वाहून गेलेला, आणि न्हाणीघरात कुणाचा तरी भलताच मोठा, उत्तम तांब्याचा बंब येऊन बसलेला. आठ दिवसांनी मालक शोधत आला. खूण म्हणून सांगितलं, तळाला पोचा आहे. आमचे आजोबा, कडक सनातनी, उभ्या आयुष्यात खोटं न बोललेले, त्या बंबाकडे आणि त्या माणसाकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि मग म्हणाले...

आवाजातल्या मामांनी जरा दम घेतला. खुर्चीतले मामा त्याच्या आधीच हसायला लागले होते.